कौसाबाईचा बिस्किटांचा डबा

पालेगावात टॉवर उभे राहिले, टॉवरखाली मेडिकलची दुकानं आली, तरी जुन्या गावातला ताप आधी कौसाबाईच्याच ओट्यावर यायचा. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात अर्धवट राहिलेली गोळ्यांची पाकिटं. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की दुसऱ्या दिवशी ताप उतरायचा, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जायच्या.

"ताप गेला ना? मग आता कोनाला चारतेस? औषध नि अन्न उकिरड्यावर टाकू नये, बाय!"

कौसाबाईला वाचता येत नव्हतं, पण रंग पाठ. लाल-काळी तापाला, पिवळी गळवाला. कोंडाजी, तिचा नवरा, ओट्यावरून ओरडायचा, "आमची डाक्टरीन फी घेत नाय, निस्ता उपदेश देते!" त्याला दर उन्हाळ्यात गळवं यायची. "दोन घे, पुरे. घोडा नाय तू," म्हणून ती दोन पिवळ्या हातावर ठेवायची. गळू बसायचं. पुढच्या उन्हाळ्यात जरा मोठं होऊन यायचं.

जमीन विकली, तिच्यावर बिल्डिंग चढू लागली आणि कोंडाजी तिथंच वॉचमन झाला. भादव्यात फळीचा खिळा त्याच्या पायात घुसला. त्यात अंगात साखरेचा आजार. डबा उघडला, दोन लाल-काळ्या, मग दोन पिवळ्या. पाचव्या दिवशी पाय भोपळ्यासारखा झाला, तेव्हा कुठं रिक्षा उल्हासनगरच्या हॉस्पिटलला लागली.

तिथं सिस्टरचा एकच सूर : "आज्जी, बेडवर नाही बसायचं! आज्जी, हात धुतले? आज्जीऽऽ!" शेजारच्या पेशंटची बायको पापड मोडता मोडता सांगायची, "टेन्शन नहीं लेने का, बाई. सब ठीक होयेंगा." कौसाबाई मान डोलवायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर ऋता पुवाचा रिपोर्ट घेऊन आली. पोरगी नातीच्या वयाची. "हे बघा आजी, ही औषधांची नावं. ज्याच्यापुढे हे अक्षर आहे, ते औषध या जंतूला लागूच पडत नाही."

शेवटच्या दोन ओळी सोडल्या तर ते अक्षर वरपासून खालपर्यंत होतं.

"लाल-काली?"

"नाही लागू."

"पिवली गलवाची?"

"तीपण नाही. आजी, तुम्हाला एवढे रंग कसे माहीत?"

कोंडाजी उशीवरून अभिमानानं म्हणाला, "माजी बायको गावची डाक्टरीन हाय. तिलाच इचार."

मग कौसाबाईनं डब्याचं सगळं सांगितलं. ऋताचं हसू विरलं. "डब्यामुळेच झालं, असं हा कागद सांगत नाही. असे जंतू हॉस्पिटलातूनही लागतात. पण अर्धवट गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात."

कौसाबाईला आणखी काही समजवायची गरज नव्हती. जन्मभर भाताच्या बांधावरची हरळी काढली होती तिनं. वरची तोडली, मुळं ठेवली, की काय होतं ते तिला ठाऊक होतं.

लागू पडतील अशी दोनच औषधं उरली होती. एकानं मूत्रपिंडं बिघडली, दुसऱ्यानं रक्तातल्या पेशी उतरल्या. तोवर हाड सडलं होतं. "गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल," ऋता म्हणाली.

"काढा," कोंडाजी म्हणाला. "पन कौसे, उरलेला डब्यात ठेवू नको हां!"

कोणी हसलं नाही. तोही नाही.

पाय गेला. आठवड्यानं टाक्यांतून परत पू आला. रिपोर्टवर तेच अक्षर, आता शेवटच्या दोन ओळींपुढेही. या वेळी ऋतानं समजावलं नाही, नुसतं म्हणाली, "आजी, घरच्यांना बोलावून घ्या."

कौसाबाई कपडे न्यायला घरी आली, तर शेजारची जनी ओट्यावर उभी. पदराला तिची धाकटी लेक सोनिया, मानेवर लालभडक गळू.

"काकी, दोन पिवल्या दे गो."

"नाय. डाक्टरला दाखव. सांगतील तेवढ्या पुऱ्या दे."

"अगो, दोन पुरेत!" जनीनं कंबरेवर हात ठेवून हुबेहूब कौसाबाईचा आवाज काढला, "घोडा नाय ती!"

कौसाबाईनं पुन्हा नकाराची मान हलवली. "आपला मानूस पडलाय म्हून लोकांना नाय म्हनायला लागली," असं पुटपुटत जनी टॉवरखालच्या मेडिकलकडे गेली. कौसाबाई ओट्यावरूनच बघत राहिली. दुकानदारानं पाकीट काढलं, कात्री घेतली आणि दोन गोळ्यांपुरता तुकडा कापून दिला.