हळद प्यालेली मोटार घेऊन भिंगारला

कुसुमच्या लग्नाला चार दिवस उरले आणि बाबांच्या मोटारीने रेडिएटरमधलं सगळं पाणी अंगणात सांडलं. बाबा गेल्यापासून माझ्या या धाकट्या बहिणीचा एकच धोशा होता, "सासरी जाईन ती बाबांच्याच मोटारीतून." तेव्हा मिरजगावहून भिंगारला जाणं भागच होतं. लढाई संपल्यापासून तिथल्या बाजारात लष्कराच्या मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, असं ऐकलं होतं.

निघताना आईने हळदीची पुडी दिली. "रक्त थांबतं, मग पाणी का नाही थांबणार?" मी हसून पुडी खिशात टाकली.

रस्ता खडीचा आणि धुळीचा. जुनी मोटार घेऊन या वाटेने जाणार असाल, तर पेट्रोलच्या कुपनांबरोबर बादली आणि दोर घ्याच. दर चार मैलांवर विहीर शोधावी लागते. घोगरगावजवळ पाणी शेंदणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "आमची बैलं बी येवढं पानी पीत न्हाईत!" तरी बादली भरून दिली, वर भाकरी-ठेचाही. तिथेच, लाज गिळून, मी अख्खी पुडी रेडिएटरमध्ये ओतली. गळती थांबली! मी गाणी म्हणत निघालो, आणि थोड्याच वेळात मोटार चुलीवरच्या आधणासारखी उकळू लागली.

थांबत थांबत भिंगार गाठलं. दगडूअण्णा मिस्त्रींनी खालची तोटी सोडली, तर पिवळंधमक पाणी.

"मोटारीचं लगीन हाय व्हय?"

"बहिणीचं. हिच्यातूनच तिला सासरी न्यायचंय."

"हळद किती घातली?"

"पुडीभर."

"आवं, चिमूट घालायची आसती! भोक बुजलं, तशा आतल्या नळ्या बी बुजल्या."

अण्णांनी चिंचेच्या कोळाने रेडिएटर धुतला, तांब्याची भांडी घासतात तसा, आणि भोकाला कथलाचा डाख दिला. रेडिएटरचा रबरी पाइपही फाटला होता, तसा दुसरा मात्र पाच दुकानं पालथी घालूनही मिळेना. शेवटी लष्करी गाडीचा मिळाला, तोही जास्त रुंद. अण्णांनी आत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो आवळून बसवला. सगळे मिळून आठ रुपये झाले. चिंच वाण्याने लग्नाची म्हणून फुकट दिली. समोरच्या हॉटेलातली गरम जिलबी चुकवू नका.

परतीला एकही विहीर शोधली नाही. मॅट्रिक पास झालो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

हळदीच्या दिवशी कुसुमने आपला भरला हात बॉनेटवर उमटवला, आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या मोटारीतून ताठ मानेने कर्जतला गेली.

तिला पोचवून मी रिकामी गाडी अंगणात लावली. सवयीने रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. मी बॉनेट पुसायला फडकं घेतलं, तशी आई म्हणाली, "तो हात राहू दे. कर्जतपर्यंत पाणी पुरलं ना?"

"पुरलं."

"मग रविवारी जाऊ. नातवंड होईपर्यंत लेकीकडे जेवायचं नसतं, डबा मी बांधते."