समोर ठीक, बाजूले नाई

खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढायची, काउंटरवर सावकाश उलगडायची, आतला बल्ब दोन बोटांत धरून दाराच्या उजेडाकडे करायचा आणि म्हणायचं, "समोर ठीक आहे गा. बाजूले पडत नाई."

काकाजी दुकानात आले की हे ठरलेलं. मग ते नवा बल्ब मागायचे. जुना परत घे असं मात्र कधी म्हणाले नाहीत. त्याची पुडी पुन्हा बांधून खिशात जायची. "वापरलेली वस्तू दुकानदाराच्या गळ्यात मारू नाई," असं वर मलाच समजावायचे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरजवळ, अमरावती रोडवर वाडीला माझं मोटारींच्या सुट्या भागांचं छोटं दुकान होतं. आजूबाजूला ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसभर ट्रकांची ये-जा, आणि गोदामांच्या मागे आमच्या भाड्याच्या खोल्यांची रांग. माझं गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले. त्यांना हॉर्न मोठा लागायचा, बाकी काहीही चालायचं. बल्बासाठी अर्धा-अर्धा तास खाणारे एकटे काकाजी. जावई पारखावा तसा ते बल्ब पारखायचे. वॉट किती, तार जाड की बारीक, काच पिवळी की पांढरी, गरम किती होतो, सगळं विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "जास्त बाजूले फाकणारा दाखव ना एखादा."

पंचवीस वर्षं त्यांनी एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठची गाडी चालवली होती. शेठनं नवी घेतली तेव्हा जुनी लँडमास्टर यांना देऊन टाकली, आणि आमच्या रांगेत गाडी आली. रांगेतली ती एकुलती एक गाडी. कोणाला ताप चढला, कोणाला विंचू चावला, कोणाची बाई अडली, की लोक दवाखान्याआधी काकाजींचं दार वाजवत. स्वतःला मूलबाळ नव्हतं. पण रांगेतली निम्मी पोरं आपल्या गाडीतून जगात आली, असा त्यांचा हिशेब होता आणि तो फार चुकीचा नव्हता.

रस्त्यावरचा त्यांचा एक नेम होता. समोरून कोणीही येवो, ट्रक की लुना, लाइट आधी काकाजी खाली करणार. हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग तेव्हा बहुतेक गाड्यांना असायचा. काकाजी तो दर दिवाळीला स्वतः ब्रशनं नवा करत. "आपल्या उजेडानं दुसऱ्याचे डोळे दिपू नाई," ते म्हणायचे. तेव्हा हॅलोजन नवीनच निघाले होते. मी मोठ्या ऐटीत त्यांना शंभर वॉटचा दिला. तिसऱ्या दिवशी पुडी काउंटरवर. "एका बंडीवाल्यानं डोळ्यावर हात घेतला गा. बैलं बिचकले. अन् बाजूले तर तेवढंच."

म्हणजे उजेड जास्त हवा, पण कोणाला लागायला नको. असं गिऱ्हाईक सांभाळणं सोपं नसतं. तुमच्याकडेही एखादं येत असेल, तर माझी अडचण कळेल.

मी त्यांना बशीरभाईंकडे पाठवलं. बशीरभाई माझ्या शेजारच्या टपरीत गाड्यांचं वायरिंग करायचे. त्यांनी वायर तपासली, होल्डरचा गंज खरवडला, आतली चकाकी कापसानं पुसली, वायर तापू नये म्हणून रिले बसवला. तरी काकाजींचं आपलं तेच. शेवटी बशीरभाईंनी वैतागून दोन्ही लाइट थोडे बाहेरच्या बाजूला वळवले. गाडी तिरळी दिसायला लागली. रांगेतल्या बायका पदराआड हसायच्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

त्या हिवाळ्यात मात्र माझं हसू आटलं होतं. कुसुमला, माझ्या बायकोला, आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण कोंढाळीकडच्या खेड्यात तिच्या माहेरी झालं होतं. रस्त्यापर्यंत यायला आणि एस.टी. मिळायला उशीर झाला आणि बाळ वाचलं नाही. या वेळी मी तिला माहेरी पाठवलं नाही. नागपुरातला मोठा दवाखाना आणि काकाजींची गाडी, या दोन गोष्टींवर आमचा सगळा भरवसा होता. काकाजींनी स्वतःहून सांगितलं होतं, "तू कायची चिंता करू नको वं पोरी. मी आहे न." त्या दिवसापासून गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी राहू लागली. टाकीत पेट्रोल. रोज संध्याकाळी ते इंजिन चालू करून पाहायचे. तो आवाज ऐकल्यावर कुसुमला बरं वाटायचं आणि मलाही.

एका संध्याकाळी दिवेलागणीला बशीरभाई म्हणाले, "आज फैसलाच करू." गाडी गोदामाच्या मागच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर लावली. लाइट जिथं पडतो तिथं खडूनं फुल्या मारायच्या. काकाजी स्टिअरिंगवर, बशीरभाई बॉनेटपाशी, आणि मी खडू घेऊन भिंतीपाशी. डाव्या लाइटच्या कडेला मी फुली मारली. उजेड असा होता, की मला माझ्या हातावरचा केसन् केस दिसत होता. माझी सावली भिंतीवर माणसाएवढी पडली होती.

"शरद," काकाजी गाडीतून म्हणाले, "तू गेला का गा?"

"इथंच आहे काकाजी."

"इथं म्हणजे कुठं?"

मी हात वर केला. खडू हलवला. काकाजी सरळ समोर बघत होते. मग त्यांनी सगळी मान माझ्याकडे वळवली, एखादं दार वळावं तशी, आणि हसून म्हणाले, "हो, आता दिसला. पाह्य, बाजूले पडतच नाई."

बशीरभाई पुटपुटले, "लाइट तो बराबर है काकाजी. दीवार से पूछ लो." पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

मग मला एकेक गोष्ट आठवत गेली. डाव्या कोपराशी ठेवलेला चहाचा पेला त्यांनी दोनदा लोटला होता. दुकानाच्या पायरीजवळची माझी सायकल त्यांनी पाडली होती. बोलताना ते पूर्ण मान वळवून बघायचे, त्याला मी ड्रायव्हरचा रुबाब समजत होतो. वर्षभर हा माणूस माझ्यासमोर सांगत होता की बाजूचं दिसत नाही, आणि मी त्याला बल्ब विकत होतो.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच बोलायचं होतं. खरं आहे. पण ज्यानं आयुष्यभर एकच काम केलं आणि तेच मान वर करून केलं, त्याला त्याच्याच गाडीच्या दारात उभं राहून कसं सांगायचं, की आता उतरा? मी भित्रा माणूस. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी मुकाट्यानं अजून एक बल्ब दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

रात्री झोप लागेना. कुसुम म्हणायची, "काहून जागे राहता? काकाजी आहेत न." हेच तर माझ्या उरावर बसलं होतं. मी गुपचूप एका टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं. वेळ आली की तो येणार होता. काकाजींना काय सांगायचं, ते तेव्हाचं तेव्हा पाहू.

वेळ आली ती पंधरा दिवस आधीच. संध्याकाळी साडेसहाला कुसुमनं चुलीपुढे बसल्या बसल्या भिंत धरली. मी टेम्पोवाल्याकडे धावलो. तो भाडं घेऊन अमरावतीला गेला होता. परत फिरलो तर खोलीसमोर लँडमास्टर उभी, इंजिन चालू, काकीजी कुसुमला धरून मागच्या सीटवर बसवत होत्या. काकीजी म्हणजे काकाजींची बायको, वाऱ्यानं उडेल अशी बारीक बाई, पण त्या वेळी तिनं कुसुमला जवळजवळ उचललं होतं.

मी गाडीच्या दाराशी थबकलो. काय करावं समजेना. आत कुसुम कण्हत होती. पहिल्या खेपेला गेलेला वेळ डोळ्यांपुढे नाचत होता, आणि खडू धरलेला माझा हातही.

"काकाजी..." मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मागं नोको बसू. समोर ये. माझ्या बाजूले." मी बसलो. गाडीला गिअर टाकत ते हळू आवाजात म्हणाले, मागच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या, "समोरचं मी पाहतो. डावीकडचं तू सांगत राह्य. चूप बसू नोको."

त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे हेही माहीत होतं.

वाडी ते शहर हा रस्ता मी त्याआधी शेकडो वेळा केला असेल. त्या संध्याकाळी तो संपता संपेना. तेव्हा रस्त्यावर दिवे नव्हते. समोरून ट्रकांची रांग, लाइट खाली करण्याचं कोणाच्या मनात नाही. काकाजी मात्र प्रत्येकासाठी आपला लाइट खाली करत होते. आणि मी वेड्यासारखा बोलत होतो.

"सायकल."

"बरं."

"दोन माणसं. गाय. गाय उभी आहे."

"उभी राहू दे."

"नाली. काकाजी, नाली जवळ आली."

"घेतो उजवीकडं."

मागे कुसुम एकदम ओरडली. मी वळून पाहिलं. दोन क्षण पाहिलं असेल, आणि समोर वळलो तेव्हा डाव्या दिव्याच्या कडेला बंडीचं चाक होतं. बंडीला कंदील नव्हता.

"बंडी!"

त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. चाकाचा लोखंडी पट्टा माझ्या खिडकीला लागून गेला, इतका की मला त्यावरचा चिखल दिसला. काकाजींचा श्वास वर चढला होता, पण आवाज तसाच राहिला. "शरद, मागं पाहू नोको. मागचं काकी पाहून राहिली. तुझ्यावाली बाजू इकडची आहे."

त्यानंतर मी मागे पाहिलं नाही. कुसुम किती वेळा ओरडली ते मी मोजलं नाही. सायकल, माणूस, दगड, खड्डा, कुत्रं, हेच म्हणत राहिलो. लॉ कॉलेजच्या चौकात रस्त्यावरचे दिवे सुरू झाले तेव्हा माझा घसा बसला होता.

तासाभरानं मुलगी झाली. रडली. त्या रडण्याची मी तीन वर्षं वाट पाहिली होती.

बाहेर येऊन पाहतो तर काकाजी व्हरांड्यातल्या बाकावर, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"ठेव. मी आता चालवत नाई."

"काकाजी, मला गाडी चालवता येत नाही."

"शिकवतो न मी." मग म्हणाले, "बल्ब चांगलेच होते गा. बशीर म्हणे ते खरं होतं. डॉक्टरनं मले मागल्या वर्षीच सांगितलं, काचबिंदू आहे म्हणून. पहिले बाजूचं जाते, मग समोरचं. गेलेलं परत येत नाई."

"मग एवढे बल्ब काहून घेतले?"

"मले वाटे," ते म्हणाले, "असन एखादा."

त्या रात्री गाडी दवाखान्याच्या आवारातच राहिली. सकाळी बशीरभाई येऊन घेऊन गेले. पुढच्याच आठवड्यात काकाजींनी त्यांच्याकडून हेडलाइटचे बल्ब काढवले आणि पहिले साधे बसवून घेतले. "शरदले साधाच पुरते," म्हणाले. मला तेव्हा जरा रागच आला होता.

गोदामामागच्या मैदानात त्यांनी मला गाडी शिकवली. स्वतः डावीकडे बसायचे. क्लच दाबला की नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं. आणि माझी नजर समोर खिळली की ते मांडीवर टपली मारायचे. "बाजू पाह्य. समोरचं कोणालेही दिसते." पुढची काही वर्षं रांगेतल्या अडलेल्या बायका मी नेल्या, आणि जवळपास प्रत्येक वेळी ते माझ्या शेजारी होते. शेवटी शेवटी त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता. तरी समोरून गाडीचा आवाज आला की म्हणायचे, "खाली केला का लाइट?"

एका उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच. तेराव्यानंतर काकीजी दुकानात आल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला. "तुझ्या दुकानातलं आहे. तुलेच दे म्हणे."

आत पुड्या होत्या. अकरा. प्रत्येकीत बल्ब आणि वहीचा कागद, त्यावर काकाजींचं ठळक अक्षर. तारीख, वॉट, आणि खाली एक ओळ. "समोर ठीक. बाजूले नाई." दुसरीतही तेच. शंभर वॉटच्या पुडीत, "समोर फार. बैलं बिचकले. बाजूले नाई." मी एकेक पुडी उघडत गेलो आणि काकीजी उभ्या राहून पाहत होत्या.

शेवटच्या पुडीत दोन बल्ब होते, गाडीतून काढवलेले. कागदावर माझ्या मुलीच्या जन्माची तारीख होती. खाली लिहिलं होतं, "समोर ठीक. बाजूले शरद."

काकीजींना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं आहे गा?" त्यांनी विचारलं. मग मी काउंटरखालची गाडीची बॅटरी वर घेतली आणि सगळे बल्ब एकेक करून लावून पाहिले. एकही गेलेला नव्हता.