बाजाराच्या गावच्या इंदुमावशी

इंदुमावशी कुठल्याही नव्या गावात गेल्या की आधी विचारायच्या, "इथे बाजार कुठे भरतो?" ओहायोत मुलाकडे कायमच्या राहायला आल्या, त्या दिवशी विमानतळावरून येताना गाडीतच त्यांनी हे विचारलं. निरंजन म्हणाला, "आई, घराजवळच मोठं ग्रोसरी स्टोअर आहे." "ते दुकान झालं रे. मी बाजाराचं विचारतेय."

निरंजन आमचा शेजारी. कोलंबसबाहेरचं आमचं उपनगर म्हणजे एकसारखी घरं, कापलेली हिरवळ आणि रस्त्यावर माणूस नाही. त्या रस्त्यावरून मावशी साडीवर मुलाचं जॅकेट चढवून रोज चालायला निघत आणि दिसेल त्याला थांबवत. मलाही असंच थांबवलं.

"मराठी ना गं? कुठली?"

"नागपूरची. इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते."

"मी लासलगावची. मग इंग्लंडची. आता इथली."

वडील लासलगावला कांद्याचे अडते. लग्न झालं ते इंग्लंडातल्या एका लहान गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांशी. "लंडन मला कधीच कळलं नाही," मावशी सांगायच्या, "पण ते गाव पहिल्या बाजाराच्या दिवशीच कळलं. लिलाव पुकारणारा तिथेही तोंडात गरम बटाटा धरल्यासारखाच बोलायचा." शेकडो वर्षांपूर्वी कुणा राजाने त्या गावाला बाजार भरवायची सनद दिली होती, आणि तेव्हापासून चौकात दर आठवड्याला बाजार भरत आला. चौकात दगडी खांबांचा मंडप होता. एके काळी आसपासच्या खेड्यांतल्या बायका तिथे लोणी विकायला बसत. शेजारी धान्याच्या व्यापाऱ्यांची मोठी इमारत. व्यापारी गेले, तिथे नाच होऊ लागले. मावशींच्या काळात लग्नं आणि रक्तदान. हे सगळं त्या माहेरच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत.

तिथल्या नगरपरिषदेने चौकात गाड्या लावायला जागा हवी म्हणून बाजार गावाबाहेर हलवायचं ठरवलं, तेव्हा मावशी तक्रार घेऊन गेल्या. कुणीतरी म्हणालं, एवढं वाटतं तर निवडणुकीला उभ्या राहा. त्या राहिल्या आणि पडल्या. पुढच्या खेपेला निवडून आल्या, आणि बऱ्याच वर्षांनी नगराध्यक्षही झाल्या. "गळ्यातली ती मानाची साखळी इतकी जड, की पिन लावूनही पदर घसरायचा. नगराध्यक्ष म्हणजे काय गं, सकाळी फीत कापायची आणि संध्याकाळी गटाराची तक्रार ऐकायची."

आमच्या गावातही बाजार आहे, हे मला मावशींमुळे कळलं. गावातल्या जुन्या रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत उन्हाळ्यात दर शनिवारी शेतकरी माल घेऊन यायचे. मावशींची तिथे ग्लेन नावाच्या मका विकणाऱ्या शेतकऱ्याशी गट्टी जमली. मक्याचं पान सोलून दाणा नखाने दाबून बघणारं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. त्याच उन्हाळ्यात बातमी आली, की ती जागा नव्या रेस्टॉरंटांच्या पार्किंगला देऊन बाजार हायवेपाशी नेणार.

"बुधवारी कौन्सिलची मीटिंग आहे," मावशी म्हणाल्या. "तू ड्राइव्ह करशील. आणि बोलशीलही."

"मावशी, मी अजून व्हिसावर आहे. वोट नाही, काही नाही. उगाच कुठे नाव यायचं."

"गटार तुंबलं तर पाणी काय व्हिसा बघून घरात शिरतं? व्हिसा देशाचा असतो. गावात राहतेस ना तू?"

सभागृहात मोजकीच माणसं होती. मावशी माइकपाशी गेल्या. अध्यक्षांनी सौजन्यानेच विचारलं, "आपण या गावात किती दिवसांपासून आहात?"

"एप्रिलपासून," मावशी म्हणाल्या. थोडा हशा पिकला. त्याही हसल्या. "पण लायब्ररीमागच्या अपार्टमेंटमधल्या डॉरथी इथेच जन्मल्या. त्यांना आता गाडी चालवता येत नाही. बाजाराला त्या चालत जातात. हायवेपाशी कशा जाणार, तेवढं सांगा."

मावशींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले. माझं नाव सांगितलं, मीही तिथेच भाजी घेते म्हटलं आणि खाली बसले. तेवढंच जमलं.

ठराव मंजूर झाला. बाजार हलला.

परतताना मी गाडीत धुमसत होते. मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "हरलो. आता बसचं बोलायचं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पण मीटिंगला राग नेऊन चालत नाही, मुद्दा न्यावा लागतो. इंग्लंडात बाजार चौकात परत आणेपर्यंत आमचे केस पिकले."

हिवाळाभर त्या प्रत्येक मीटिंगला गेल्या. बर्फ असलं की निरंजन कुरकुरत सोडायचा. मीही जाऊ लागले आणि हळूहळू दोन वाक्यांची चार झाली. पुढच्या उन्हाळ्यात दर शनिवारी ज्येष्ठांसाठी बाजाराची बस सुरू झाली. पहिल्या फेरीला डॉरथी पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि शेजारी मावशी. गाडी दारात असूनही मी त्याच बसने गेले.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मावशी गेल्या, झोपेतच. निरंजनला वाटलं होतं, अंत्यविधीला मराठी मंडळातले चार लोक येतील. प्रत्यक्षात धुतलेलं जॅकेट घालून ग्लेन आला, बसचा ड्रायव्हर आला, डॉरथींना त्यांच्या शेजारणीने आणलं. ठराव मंजूर करणारे अध्यक्षही येऊन मागच्या रांगेत बसले. निरंजन मला म्हणाला, "आई इथे एकटी पडेल, याचीच मला काळजी होती. यातल्या निम्म्या लोकांची नावंही मला माहीत नाहीत." मग मीच त्याची एकेकाशी ओळख करून दिली.

आठवड्याभराने त्याने मला फोनवर एक फोटो दाखवला. इंग्लंडातल्या त्या गावच्या कुणीतरी पाठवलेला. माजी नगराध्यक्ष गेल्या म्हणून नगरपरिषदेच्या इमारतीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. नेमका बाजाराचा दिवस होता. खाली ताडपत्र्यांखाली गर्दी होती, एक बाई हातात फुलकोबी घेऊन भाव करत होती, आणि वर झेंड्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती. निरंजनने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिला.