चकतीवरचं म्हैसूर

माझ्या कुसुमाआत्याला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारी ती नव्हतीच. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमचं साड्या रंगवून द्यायचं दुकान होतं. तिथं ती माझ्या वडिलांच्या बरोबरीनं दिवसभर उभी असायची. रंग उतरला म्हणून एखाद्या गिऱ्हाइकानं आवाज चढवला, की ही दुप्पट चढवायची आणि वर त्या बाईला कॉफी पाजून परत पाठवायची. मी दोन वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, मारलं आणि जवळ घेतलं ते या आत्यानं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. नवरा होता, पण तो समुद्रावर.

आत्याच्या नवऱ्याला आमच्या घरी मामाच म्हणतात, म्हणून ते मोहनमामा. आईबाप नसलेले, शिवणकामात तरबेज. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांना मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर शिंप्याची नोकरी लागली. म्हैसुरात त्यांचं घर नव्हतं, त्यामुळं आत्या आमच्याचकडे राहिली. दोन वर्षांनी एकदा मामा रजेवर यायचे, महिना-दीड महिना राहायचे आणि जायचे. माणूस शांत. दारू नाही, विडी नाही, कुणाला उणा शब्द नाही. आले की आधी माझी मापं घ्यायचे आणि दोन दिवसांत असा झगा शिवून द्यायचे की सगळी गल्ली वळून बघायची. मला ते फार आवडायचे, हेही सांगून टाकते.

आत्याचं मागणं एकच असायचं. मला न्या. प्रत्येक रजेला, मामांची पेटी भरता भरता ती म्हणायची, “बोटीत एक कोपरा मिळाला तरी पुरे आहे मला. तिथंच निजेन. तुमचा डबा करून देईन.”

मामा हसायचे. “अगं, ती काय वरुणा गावाला जाणारी बस आहे का, बायकोला घेऊन चढायला? शिंप्याला तिथं आपली स्वतःची खाट नसते, दुसरा उठला की त्याच्या खाटेवर मी निजतो. एखाद्या बंदरात बिऱ्हाड असतं तर नेलं असतं की.”

आत्याला ते पटायचं. बिऱ्हाडच नाही तर नेणार कुठं? नवरा दिसत नाही म्हणून ती रडायची, पण नवऱ्याचा राग तिला कधी आला नाही. राग यायचा बोटीचा. रजा संपली की महिनाभर ती बोटीला शिव्या द्यायची, अगदी माणसाचं नाव घेऊन द्याव्यात तशा.

एका रजेला मामा एडनहून घेतलेलं घड्याळ मनगटावर बांधून आले. असं घड्याळ आमच्या मोहल्ल्यानं पाहिलं नव्हतं. नेहमीचे काटे होतेच, शिवाय एक लाल काटा, चोवीस तासांत एकच फेरी घेणारा. आणि काचेभोवती अर्धी निळी, अर्धी तांबडी चकती, तिच्यावर चोवीसपर्यंतचे आकडे. चकती बोटानं फिरवली की टक् टक् करत एकेक घर पुढं जायची. बघायला लोक यायचे आणि मामा, एरवी न बोलणारा माणूस, समजावून सांगायचे. आतले काटे बोटीचं टैम दाखवतात, त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या गावात उतरलं की नुसती चकती फिरवायची, मग लाल काटा चकतीवर त्या गावचा तास दाखवतो. प्रवासी माणसाला एकाच घड्याळात दोन गावं मिळतात.

“म्हंजे आत्ता म्हैसूर कुठं आहे हो ह्यात?” आत्यानं विचारलं होतं.

“चकतीवर,” मामा म्हणाले.

त्यात एक खोट होती. चकती पुऱ्या तासाचीच घरं घ्यायची, आणि आपल्या देशाच्या वेळेला अर्ध्या तासाचं शेपूट. त्यामुळं चकती फिरवूनही म्हैसूर अर्धा तास मागंच पडायचं. तेवढा अर्धा तास मामा मनात मिळवायचे, आणि पुष्कळदा विसरायचे. जेवणाला उशीर, देवळाला उशीर. आमच्या घरी कुणीही उशिरा आलं की “मामांच्या घड्याळानं आला काय?” म्हणून चिडवायचं. आत्या तर कौतुकानं सांगायची सगळ्यांना. मीसुद्धा हसले आहे त्यावर, पोट धरून.

सहासष्ट साली माझं लग्न ठरलं, कृष्णराजनगरचं स्थळ. वडील विधुर, तेव्हा कन्यादान कुणी करायचं हा प्रश्न आलाच नाही. आत्या आणि मामा. मामांच्या रजेकडे बघूनच मुहूर्त धरला होता. आत्यानं त्या दिवसासाठी जांभळा रेशमी पदर स्वतः रंगवला आणि तो वाळत घातल्यावर कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मला म्हणाली, “रत्ना, तुझ्या लग्नात मी आणि हे पाटाला पाट लावून बसणार बघ. आमच्या लग्नानंतर एकत्र पूजेला बसायचा योगच कुठं आला?”

लग्न समाजाच्या देवळात, सकाळचं. उजाडल्यावर मामा हजामत करायला म्हणून बाजारात गेले. मुहूर्त जवळ आला, भटजींनी हाका मारायला सुरुवात केली, मामांचा पत्ता नाही. दोन पाट मांडलेले. एकावर आत्या, दुसरा रिकामा. तिनं तीनदा दाराकडे पाहिलं. भटजी म्हणाले, जोडप्याशिवाय चालणार नाही, वेळ निघून चालली. शेवटी वडिलांचे चुलते गंगाधरराव, ज्यांना घरात सगळेच काका म्हणत, त्यांना जोडीनं बसवायचं ठरलं. आत्याला पाटावरून उठावं लागलं. सगळ्या समाजासमोर, रंगवलेला पदर सावरत ती उठली आणि तिच्या जागी त्यांच्या बायको इंदिराबाईकाकू बसल्या. माझ्या हातावर पाणी पडलं ते काकूंच्या हातून. मी मान वर केली नाही, कारण केली असती तर आत्या दिसली असती.

अक्षता पडून वाजंत्री थांबल्यावर मामा आले. गुळगुळीत दाढी, हातात मोगऱ्याचा पुडा. “अजून वेळ आहे न?” म्हणाले. एका जुन्या दोस्ताकडे कॉफी पीत बसले होते आणि अर्धा तास मिळवायचा विसरले होते. बाजाराच्या घड्याळाचा मनोरा हाकेच्या अंतरावर. मान वर करून त्याच्याकडे बघायला काय झालं होतं या माणसाला, हे मी अजून विचारते.

मागच्या खोलीत मी साडी बदलायला गेले तेव्हा आत्या तिथंच भिंतीला टेकून बसली होती. मागोमाग गंगाधरकाका, काकू आणि मामा आले. मामा सांगत होते, “चकतीवर बघितलं मी. सुम्मने, उगीच उशीर केला नाही, खरंच विसरलो.”

आत्यानं नुसता हात पुढं केला. “द्या ते इकडं.” मामांना वाटलं, राग निवला. त्यांनी घड्याळ काढून दिलं. आत्यानं चावी बाहेर ओढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आतले काटे गरगरा फिरवून बरोब्बर म्हैसूरच्या वेळेला आणून ठेवले.

मामांनी झडप घातली. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “अय्यो, काय केलीस गं! घरच्या घड्याळाशी मिळवून आणलं होतं ते! आता परत जाईपर्यंत लागायचं नाही!”

“कुठल्या घरच्या?” आत्यानं विचारलं.

मामा चावी फिरवायला लागले.

“बोटीत घर कसलं? खाट नाही म्हणता तुम्ही तिथं. कुठल्या घरच्या?”

मामा खोटं बोलणारे नव्हते, असं लोक म्हणतात. थेट विचारलं तर नव्हते, एवढंच खरं. त्यांनी सांगून टाकलं. बोट सोडून पाच-सहा वर्षं झाली होती. आफ्रिकेत, मोंबासा बंदरात, त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, वर राहायला दोन खोल्या. बोटीवरचा एक दोस्त त्यांची पत्रं मुंबईच्या पेटीत टाकायचा, म्हणून आम्हाला काही कळलं नाही. आतले काटे बोटीचे नव्हतेच. ते मोंबासाचे होते.

गंगाधरकाकांनी दार लावून घेतलं. “मोहना, खरं सांग. कुणी ठेवलीयस काय तिथं?”

“इल्ला, काका. देवाशपथ. एकटाच असतो.”

काकांनी मोठा श्वास सोडला. काकूंनी हात जोडले, “राखलं बाई देवानं.” दोघांचे चेहरे एकदम उजळले, जणू संकट टळलं. काका तर हसले आणि मला म्हणाले, कॉफी सांग. मलाही क्षणभर हायसं वाटलं. एकटी आत्या तशीच बसून होती.

“कुणी नाही,” ती म्हणाली, “मग मला का नाही सांगितलं?”

मामा मग खाली बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, “सांगितलं असतं तर तू आली असतीस.”

मामा एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते थांबले नाहीत. “संध्याकाळी दुकान बंद करतो. वर येतो, चहा करतो. सज्ज्यात बसतो. समोर समुद्र आहे. कुणी काही विचारत नाही, कुणाला काही सांगायला लागत नाही. सवय झाली मला.” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तो माणूस तिथं सुखात होता. “तुझं काही चुकलं नाही, कुसुम,” ते म्हणाले.

मी नवरी होते, अंगावर हिरवा चुडा होता, नाहीतर त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारलं असतं. तुझं काही चुकलं नाही म्हणे! चुकलं असतं तर तिला ते सुधारता तरी आलं असतं.

काकांनी निवाडा करून टाकला. “आयतु. झालं ते झालं. ह्या खेपेला हिला बरोबर घेऊन जा. विषय संपला.” मामांनी मान डोलावली, शिंप्यानं मोठ्या गिऱ्हाइकाची घाई कबूल करावी तशी. आत्यानं ती मान डोलताना पाहिली.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, एवढी वर्षं नेता काय म्हणून पाठी लागली होतीस न?”

“लागले होते, काका. बोट नेऊ देत नाही करून सांगत होते हे मला. बोटीवर होता माझा राग. आता ह्यांच्या सज्ज्यात जाऊन बसू काय मी? मी आल्यावर हे उठून कुठं जातील?”

मग ती उठली, कारण पंगत वाढायची होती. संध्याकाळी माझी पाठवणी झाली. माझ्या ओटीत नारळ घालताना तिचे डोळे कोरडे होते आणि मला, मूर्खाला, त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं, हिला माझ्यासाठी रडू येत नाही.

मामा ठरल्या दिवसाच्या आधीच गेले. त्यानंतरही दोनदा आले. आत्यानं त्यांना जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, अहो-जाहो सोडलं नाही. नेता काय, असं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मामांनीही, येतेस काय, असं एकदाही विचारलं नाही. मोंबासात ते तापानं वारले. दुकानाशेजारच्या कुणीतरी कळवलं.

सांत्वनाला सगळा समाज लोटला. मोहनराव म्हणजे सोनं, प्रत्येक जण म्हणत होता. परमुलखात एकटा राहूनही वाकडं पाऊल टाकलं नाही. दर महिन्याला पैसे धाडले. गंगाधरकाका तर आत्याला म्हणाले, “नशीबवान आहेस, कुसुमा. तिथं दुसरी बाई केली नाही त्यानं.”

आत्यानं डोक्यावरचा पदर मागं घेतला. रडून सुजलेले डोळे तिनं काकांवर रोखले.

“केली असती तर बरं झालं असतं, काका. तिच्यात असं काय आहे म्हणून बघायला तरी गेले असते मी. माझी जागा रिकामी ठेवून, त्या रिकाम्या जागेवर खूश होता तो माणूस. त्याच्याशी मी कसं भांडायचं?”