काकांची टूथपेस्टची जाहिरात

इथे हिंदी मुलखात, चौबे कॉलनीत, आमच्या शेजारी एक काका राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी रिमोट उशीखाली लपवतो. कारण ते आमच्याकडे टीव्ही बघायला येत नाहीत, जाहिराती बघायला येतात. त्यांच्या घरी मुलानं मराठी चॅनल बंद करून टाकलेत. मालिका चालू असताना काका गुडघ्यांपासून उरल्याच्या कारखान्यांच्या धुळीपर्यंत बोलत राहतात, आणि जाहिरात लागली की आमच्याच घरात आम्हाला गप्प बसवतात. डोकं फिरतं.

"यंदाची एक नंबर जाहिरात कोणती, सांगू काय तुले?" हे ते दिवाळीपासून विचारून राहिले. उत्तर मला पाठ आहे. टूथपेस्टची. काकांच्या तोंडात एकही दात खरा नाही.

परवा मॅचची शेवटची ओव्हर चालू होती आणि काका मराठी चॅनल लाव म्हणून हटून बसले. रिमोट सापडत नाही, असं मी सांगितलं. तेवढ्यात त्यांची नात दारात आली.

"दादाजी, खाना लग गया।"

"आजोबा म्हण ना बेटा. त्या टूथपेस्टवाल्या पोट्टीसारखं."

"हव दादाजी, आप आओ ना," म्हणून ती पळाली.

काका नुसते हसले आणि चपला शोधू लागले. मी उशीखालून रिमोट काढला आणि मराठी चॅनल लावलं.

"बसा काका," म्हटलं, "लागेलच आता."

ओव्हरचे चार बॉल अजून बाकी होते.