फळ्यावर चारशे दोन

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. मी तो पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं शिकवला आणि त्याचा मला फार अभिमान होता. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे, हा धडा आला की मी पुस्तक मिटून ठेवायचे आणि वर्गाच्या मॉनिटरला उभं करायचे. मुलांना विचारायचे, बडबड करू नये हा नियम यानेच केला, फळ्यावर नावंही यानेच लिहिली आणि शिक्षाही यानेच दिली, तर काय होईल? मुलं एका सुरात सांगायची की बाई, तो आपल्या मित्रांची नावं लिहिणारच नाही. एवढ्यावर धडा सगळ्यांना कळायचा आणि मधली सुट्टी व्हायची.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं वाघोलीला राहायला आलो. येताना मी शाळेतला एक जुना फळा टेम्पोत घालून आणला. वर्गांत पांढरे चकचकीत बोर्ड आले होते आणि जुने फळे भंगारात निघाले होते, ते मला बघवेना. ह्यांनी विचारलं, "आता याच्यासमोर कोणाला बसवणार?"

सोसायटीच्या पहिल्याच सभेत सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न निघाला आणि सगळेजण एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. खराडी-हिंजवडीला नोकऱ्या करणारी माणसं, त्यांचा अर्धा जन्म रस्त्यावरच जातो. मी हात वर केला. अध्यक्ष झालेला गृहस्थ पहाटे कंपनीची बस गाठायचा आणि मी पाठवलेल्या प्रत्येक निरोपाला फोनवरून एक अंगठा दाखवून मोकळा व्हायचा. म्हणजे राज्य माझंच. आठवड्याभरात फळा लिफ्टच्या शेजारी लागला आणि त्यावर माझ्या वळणदार अक्षरात नियम आले.

पॅसेजमध्ये चपलांचे ढीग नकोत, गॅलरीतून चादरी झटकू नयेत, असे सगळे सभेत ठरलेले नियम होते. सातवा मात्र सभेत झाला नव्हता. दुपारी एक ते चार संपूर्ण शांतता, हा नियम मला एका दुपारी डोळा लागता लागता सुचला आणि संध्याकाळी मी तो लिहून टाकला. अध्यक्षांचा अंगठा आलाच. नियम मोडणाऱ्याच्या फ्लॅटचा नंबर मी उजव्या कोपऱ्यात लिहायचे. तीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच जातो. त्या माणसाने येऊन माफी मागितली की पुसायचे, त्याआधी नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं, तक्रार असल्यास सेक्रेटरींना भेटावे, सायंकाळी पाच ते सहा.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. पॅसेज आरशासारखे झाले. मला लिफ्टमध्ये बघितलं की लोक आधी आपल्या पायांकडे बघायचे.

मग एका दुपारी दोन वाजता वरून गाणं ऐकू आलं. चारशे दोनमध्ये अमरावतीकडचं जोडपं राहायचं. नवरा खराडीला नोकरीला, मुलगी शाळेत. गात होती ती बाई, वय तिशीच्या आसपास. आवाज गोड होता, पण नियम म्हणजे नियम. मी चष्मा लावून खाली गेले आणि कोपऱ्यात चारशे दोन लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाणं झालं, मी नंबराखाली रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी बरोबर पाच वाजता ती हातात अर्ज घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

लग्नामुळे तिची गाण्याची विशारदची परीक्षा राहून गेली होती, ती आता द्यायची होती. सकाळी डबे, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, नंतर सगळे घरात. रियाजाला तिच्याकडे दुपारी एक ते तीन एवढाच वेळ होता. सातव्या नियमातून तिला तेवढी सूट हवी होती. मी अर्ज पूर्ण वाचला, त्यातली वाक्यरचनाही मनातल्या मनात तपासली, आणि म्हटलं की एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतील.

ती शांतपणे म्हणाली, "काकू, नियम तुम्ही केला, माझा नंबर तुम्ही लिहिला, अन् निकालही तुम्हीच देणार. मग मी तं बोलायचं कोणाशी?"

मला राग आला. उत्तर सुचत नसलं की मला हमखास येतो तसा. मी अर्जावरच 'विचार केला, नियम कायम' असं लिहून, खाली तारीख घालून तो तिला परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद. पहिले दोन दिवस मी छान झोपले. पुढच्या आठवड्यात ती लिफ्टमध्ये भेटली, तेव्हा मी मोठ्या मनाने परीक्षेची चौकशी केली. फॉर्मची मुदत महिनाअखेरपर्यंत होती, पण तिने तो भरला नव्हता. रियाज नाही तर बसून काय करू, म्हणाली, आणि तिसऱ्या मजल्यावरच भाजीवालीचं निमित्त काढून उतरली. भाजीवाली तिसऱ्या मजल्यावर कधीच येत नाही.

घरी येऊन मी हे सगळं ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, माझी बाजू घेतील. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," म्हणाले, आणि पेपर परत वर घेतला.

त्या संध्याकाळी मी कचरा टाकायला म्हणून खाली गेले आणि फळ्यासमोर उभी राहिले. वर नियम, उजवीकडे नंबर, खाली तक्रारीची वेळ. तिन्ही एकाच अक्षरात. अक्षर सुंदर होतं, पण मला त्याची लाज वाटली. ज्या मॉनिटरबद्दल मी तीस वर्षं मुलांना सावध केलं होतं, तो मीच झाले होते, आणि मला तर मित्रही नव्हते.

पुढच्या रविवारी मी खास सभा बोलावली. नियम सभाच करेल, मी फक्त ते पाळले जातात की नाही ते बघेन, आणि तक्रार ऐकायला कमिटीबाहेरची तीन माणसं असतील, असं मांडलं. कोणीतरी ह्यांचं नाव सुचवलं. हे उठून म्हणाले की मी सेक्रेटरींच्या घरी दोन वेळा जेवतो, मला यात घेऊ नका. सगळे हसले. शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त परिचारिका आणि आणखी दोघं ठरले, आणि चारशे दोनचा अर्ज मीच तिथल्या तिथे त्यांच्यापुढे तोंडी मांडला.

परिचारिका बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "हा सातवा नियम कुठल्या सभेत झाला?"

"सभेत नाही झाला," मी म्हटलं.

"मग तो नियमच नव्हे. त्यांचा नंबर पुसा."

फळ्यावरचं पुस, असं मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. पण माफी मागितल्याशिवाय नंबर पुसायचा नाही ही माझीच पद्धत होती, आणि ती काही सभेने रद्द केली नव्हती. म्हणून डस्टर हातात घेऊन मी आधी चौथ्या मजल्यावर गेले. वयाने लहान माणसांची माफी मागण्याची मला सवय नाही, तरी मागितली. माझं चुकलं, म्हटलं, फॉर्म भर.

ती दारातच उभी होती. "काकू, मग उद्या दोनला बसू ना?"

"ते मला नको विचारूस," मी म्हटलं. "ते आता माझ्या हातात नाही."

मग मी खाली आले आणि नंबर पुसला. इतक्या दिवसांत खडू चांगलाच धरला होता, ओल्या फडक्याने दोनदा पुसावं लागलं.