‘तू’चं इंग्रजी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मराठीत ‘यू’साठी दोन शब्द कशाला? मी विषय बदलला. उत्तर मला चांगलं ठाऊक आहे, पण ते फोनवर सांगवलं नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टेनो होते. तिथे सटाण्याकडचा एक प्रेस ऑपरेटर होता, चौदा वर्षं जुना. एका सकाळी पत्रा कापणाऱ्या प्रेसचं, हात वाचवणारं गार्ड सैल झालं म्हणून त्याने मशीन थांबवलं. नवे आलेले मॅनेजर सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले. तो आवाज न चढवता म्हणाला, “तू पहिले मशीन देख, मंग बोल.”

साहेबांनी उद्धटपणासाठी त्याला काढून टाकायची शिफारस मुंबईच्या हेड ऑफिसला पाठवली. तिथला कारभार इंग्रजीत चाले. त्याचं वाक्य मी सरळ ‘यू’ घालून उतरवलं होतं. तिकडून विचारणा आली, यात उद्धट काय आहे?

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, एवढं शिकलात, एक ‘तू’ सांगता येईना तुम्हाला?”

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. दोन मुली शाळेत होत्या त्याच्या, दुसरी नोकरी या वयात कोण देणार? हळूच म्हणाला, “बाई, तू सांग ना त्यास्ले. आम्ही बापलेबी तूच म्हणतस.”

मी हेड ऑफिसला द्यायचं उत्तर लिहायला बसले. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक इतका नेमका उतरला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शेवटी एक ओळ घातली: या माणसाच्या बोलीत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’च म्हणतात. साहेबांनी त्या ओळीवर काट मारली. “बाकी उत्तम.”

मी पान उचललं. त्यांनी वर पाहिलं नाही. मग जाऊन ते पान पुन्हा टाइप केलं, ती ओळ सोडून.

आठवड्याने बडतर्फीचं पत्रही मीच टाइप केलं. ते घेताना त्याने विचारलं, “सही कुठं करू, मॅडम? तुम्ही सांगा.” इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाला. मी बोटाने जागा दाखवली.

कारखाना आता राहिलेला नाही. काट मारलेलं ते पान माझ्या कपाटात आहे.